घड्याळाशी शर्यत : बेरिल बर्टनची कारकीर्द आणि तुमची लेक

डिचोलीहून एका आईने विचारलं आहे : "मुलगी नववीत आहे. शाळेला सायकलने जाते. गावच्या शर्यतीत मुलग्यांना मागे टाकून पहिली आली, तेव्हापासून खरीखुरी रेसिंग करायची म्हणून हट्ट धरून बसली आहे. आठव्या वर्षी तिला रूमॅटिक ताप येऊन गेला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. नातेवाईक म्हणतात, काळजाचं दुखणं, त्यात मुलगी, कशाला नसतं धाडस? आम्ही दोघंही नोकरी करतो, महागडी सायकल परवडणार नाही. अशा मुलीतून चॅम्पियन घडते का?"

ताई, मी फोंड्यात वीसेक वर्षं मुलामुलींना शर्यतीसाठी तयार करते आहे. त्याआधी दहा वर्षं स्वतः शर्यतीत होते. तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं नाव डोळ्यांसमोर आलं ते बेरिल बर्टनचं. तुम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्या वाट्याला आली होती : तोच ताप, तसंच साधं घर, कष्टाची नोकरी आणि "तुझ्याच्याने व्हायचं नाही" म्हणणारी माणसं.

बेरिल इंग्लंडमधल्या लीड्सची, जन्म १९३७ चा. अकरा वर्षांची असताना तिला रूमॅटिक ताप आला. नऊ महिने इस्पितळात आणि मग सव्वा वर्ष विश्रांतिगृहात काढावं लागलं. फार श्रमाचं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अठराव्या वर्षी चार्ली बर्टनशी लग्न झालं. सायकलची गोडी त्याने लावली. १९५६ मध्ये मुलगी झाली, डेनिस. आणि १९५७ मध्ये ही बाई इंग्लंडच्या राष्ट्रीय १०० मैल टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीत, दुसरी आली. पदरात जेमतेम दीड वर्षाचं मूल होतं.

मग जे सुरू झालं ते पाव शतक थांबलं नाही. ३ किलोमीटर परस्यूटमध्ये ती पाच वेळा जगज्जेती झाली, रस्त्यावरच्या शर्यतीत १९६० आणि १९६७ अशी दोनदा. परस्यूट म्हणजे ट्रॅकवर दोघी समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि एकमेकींना गाठायला बघतात. अंतर किती, तर आपल्या पणजी-रायबंदर पाटो पुलाएवढं. देशातली अजिंक्यपदं नव्वदच्या वर. १९५९ पासून १९८३ पर्यंत, ओळीने २५ वर्षं, ती देशातली सर्वोत्तम अष्टपैलू टाइम ट्रायल स्वार ठरली. सुरुवात केली तेव्हा बाविशीत होती, शेवटच्या वर्षी शेहेचाळिशीत.

ऑलिंपिक पदक मात्र एकही नाही, कारण बायकांची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच १९८४ ला. पुरुषांची १८९६ पासून होती. तिच्या उमेदीची सगळी वर्षं त्या बंद दारासमोर गेली. मला याचा अजून राग येतो.

आता नोकरीचं. बेरिल कधीच व्यावसायिक खेळाडू झाली नाही. करार समोर आला होता, तो तिने नाकारला. ती रूबार्बच्या मळ्यात मजुरी करायची. रूबार्ब ही आंबट देठांची भाजी. तिचे गड्डे थंडीत जमिनीतून उपसून काढायचे आणि अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन लावायचे. गड्डे जड, मातीने लडबडलेले, वर यॉर्कशरची, म्हणजे लीड्सच्या भागातली, थंडी. मळा होता निम कार्लाइन नावाच्या सायकलस्वाराचाच. दिवसभर ओझी उचलायची, घरी येऊन चूल-भांडी बघायची आणि उरलेल्या वेळात सायकल. जिममध्ये वजनं उचलून मुलं जी ताकद कमावतात, ती तिच्या पाठीत आणि मांड्यांत त्या मळ्याने भरली. तुमची लेक रोज दप्तर पाठीवर टाकून डिचोलीचे चढ-उतार पार करते ना? ते फुकट जात नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

पण हे सगळं वाचून "जिद्द असली की झालं" असं समजू नका. जिद्दीची मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. बेरिलकडे आणखी एक गोष्ट होती, आणि तुमच्या मुलीने शिकायची ती नेमकी तीच : घड्याळाशी शर्यत करणं.

यामागे एक जुनी हकिकत आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावर घोळक्याने शर्यती होत, घोडागाड्यांशी टक्कर व्हायची, पोलीस मागे लागायचे. सायकलींवर सरसकट बंदी येईल या भीतीने सायकल संघटनांनीच अशा शर्यती बंद केल्या. मग १८९५ मध्ये फ्रेडरिक बिडलेक यांनी ५० मैलांची एक वेगळी शर्यत भरवली. त्यात एकेक स्वार ठरावीक अंतराने सोडायचा, सगळे एकटे पळणार, घड्याळ ठरवणार कोण जिंकलं. हीच टाइम ट्रायल, आणि पुढे हाच तिथला खेळ झाला. भल्या पहाटे, काळ्या कपड्यांत, कुणाचं लक्ष जाऊ नये असे. मार्गांना नावं नसत, अक्षर-आकड्यांची सांकेतिक खूण असे. जवळपास अर्धशतक हे असंच चाललं. बेरिल या परंपरेत वाढली. तिथे कुणाच्या मागे लपता येत नाही. घोळक्यात पुढच्याचं चाक धरून राहिलात तर वाऱ्याचा मार बराच वाचतो. टाइम ट्रायलमध्ये सगळा वारा तुमच्याच छातीवर.

गोव्यासाठी मला हा प्रकार फार योग्य वाटतो. आपल्याकडे रस्ते अरुंद, वळणावळणाचे. दिवसा बस, टिप्पर, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या. रस्ता बंद करून घोळक्याची शर्यत भरवायची म्हणजे परवानग्यांचा डोंगर. ट्रॅक तर नाहीच. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा ट्रॅक सायकलिंग दिल्लीला न्यावं लागलं होतं. पण पहाटे साडेपाचला, पोदेर आपली पावाची टोपली मागे बांधून पोंप-पोंप करत निघतो त्या वेळेला, एकटीने घड्याळ लावून दहा किलोमीटर मारायला कुणाचीच आडकाठी नसते. तो पोदेर बघा कधी नीट. चढ असो की उतार, त्याचे पाय एका लयीत फिरत असतात, कारण त्याला अजून चाळीस घरं गाठायची असतात. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच दाखवते.

लय म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पंधरा वर्षांची मुलगी होती. ताकद भरपूर. जुन्या गोव्याहून फेरी पकडून आम्ही दिवाडीला गेलो. तिथे शेतांमधून जाणारा सपाट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खाजन जमीन, वाहनं तुरळक. रस्त्यावर खडूने दर किलोमीटरला रेघ मारली आणि तिला सांगितलं, दहा किलोमीटर, जमेल तितकं जोरात. पहिला किलोमीटर तिने १ मिनिट ४६ सेकंदांत काढला. मी काही बोलले नाही. दुसरा १:५२, तिसरा १:५८, चौथा २:०४. पाचव्यापासून खांदे हलायला लागले. सातवा २:१७. शेवटाला पोचली तेव्हा तोंडाला फेस, हँडलवर डोकं टेकलेलं, एकूण वेळ २० मिनिटं ५० सेकंद.

पुढच्या रविवारी तोच रस्ता, तीच सायकल, वारा पडलेला. या वेळी हातातल्या घड्याळात बघायचं आणि प्रत्येक किलोमीटर २:०२ ते २:०४ च्या मध्ये ठेवायचा, एवढंच सांगितलं. पहिल्या तीन किलोमीटरला ती वैतागली होती. "बाई, मी अजून जोरात जाऊ शकते," असं ओरडून गेली. मी हाताने "नको" केलं. सातव्याला तिच्या लक्षात आलं की पाय अजून शाबूत आहेत. २० मिनिटं ३० सेकंद. ताकद तेवढीच होती. वीस सेकंद नुसत्या हिशेबाने कमावले, आणि उतरल्यावर ती हसत होती.

यात जादू नाही. सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर वाऱ्यासाठी शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागते. सुरुवातीला उधळलेली ताकद म्हणून फार महाग पडते, आणि नंतर मंदावल्यावर ती परत मिळत नाही.

आता १९६७ चा सप्टेंबर. बेरिल तीस वर्षांची होती. त्याच महिन्यात नेदरलँड्समध्ये तिने रस्त्यावरचं जगज्जेतेपद दुसऱ्यांदा जिंकलं होतं. घरी येऊन ती यॉर्कशरमधल्या बारा तासांच्या टाइम ट्रायलला उतरली. या शर्यतीत अंतर ठरलेलं नसतं, बारा तासांत जास्तीत जास्त किती जाता एवढंच मोजतात. पुरुष आधी सुटले, बायका नंतर. पुरुषांमध्ये माइक मॅकनमारा हा त्या वर्षीचा सगळ्यात तगडा गडी होता, आणि त्या दिवशी तो पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडायच्याच वाटेवर होता. बेरिल त्याच्या मागून सुटलेली. तास उलटत गेले, इतर पुरुष एकेक करून तिच्या मागे पडत गेले, आणि अखेर पुढे मॅकनमाराची पाठ दिसायला लागली.

ती त्याच्या बरोबरीला आली. ओलांडताना तिने खिशातली लिकरिशची (ज्येष्ठमधाची) गोळी काढून त्याला दिली, असं सांगतात. त्याने घेतली, आणि ती पुढे निघून गेली. कुणी याला खोडी म्हणतं. मला मात्र त्यात माणुसकी दिसते. दिवसभर सायकलवर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड किती कोरडं पडलं असेल ते कळतं.

मॅकनमाराने त्या दिवशी २७६.५२ मैल कापले आणि पुरुषांचा विक्रम केला. बेरिलने २७७.२५ मैल. म्हणजे ४४६ किलोमीटर. पणजी ते पुणे जवळपास तेवढंच आहे. रात्रीच्या बसमध्ये बसून आपली कंबर मोडते ते अंतर तिने ताशी ३७ किलोमीटरच्या सरासरीने एकटीने कापलं, लोखंडी सायकलवर. पुरुषांना तो आकडा गाठायला १९६९ उजाडलं. बायकांचा विक्रम म्हणून तो २०१७ पर्यंत टिकला, तब्बल ५० वर्षं. नातेवाइकांना द्यायला एवढं एक उत्तर पुरेसं आहे, ताई.

तरीही मी तुम्हाला बेरिलची नक्कल करायला सांगणार नाही. दोन गोष्टींसाठी.

पहिली, हृदय. रूमॅटिक ताप सुरू होतो घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून, पण शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि हृदयाच्या झडपांना इजा करू शकते. म्हणूनच ते इंजेक्शन. बेरिल म्हातारपणापर्यंत सायकल चालवत राहिली असती अशीच बाई होती. पण मे १९९६ मध्ये, ५९ व्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना, त्याच वाढदिवसाची आमंत्रणं वाटायला सायकलवरून निघाली असताना तिचं हृदय थांबलं. "तिला जमलं म्हणजे हिलाही जमेल" हा हिशेब आंधळा आहे. हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या आणि मोघम विचारू नका. असं विचारा : "स्पर्धेतली सायकलिंग, जिथे नाडी अगदी वरच्या टोकाला जाते, ती चालेल का? किती दिवसांनी परत तपासायचं?" उत्तर कागदावर घ्या. त्या कागदाशिवाय माझ्याकडची कुठलीही मुलगी घड्याळावर पळत नाही. इंजेक्शनची तारीख शर्यतीसाठी एक दिवसही पुढे ढकलायची नाही. घसा दुखून ताप आला, तर सायकल भिंतीला आणि मुलगी डॉक्टरकडे. त्यांनी मर्यादा घातली तर ती पाळायची. शर्यत गेली तरी सायकल राहतेच. मी स्वतः तरुणपणी तापातून उठून आठव्या दिवशी शर्यतीत उतरले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या एका सकाळीने माझे सहा महिने खाल्ले.

दुसरी गोष्ट घराची आहे, आणि आई म्हणून तुम्हाला ती जास्त जवळची वाटेल. डेनिसही मोठी होऊन शर्यती करायला लागली. १९७२ च्या जागतिक स्पर्धेसाठी मायलेकी एकाच संघात होत्या. मग १९७६ ची राष्ट्रीय रोड रेस. शेवटच्या धावेत वीस वर्षांच्या डेनिसने आईला मागे टाकलं आणि अजिंक्यपद जिंकलं. विजेत्यांच्या चौथऱ्यावर आईने तिच्याशी हात मिळवला नाही. नंतर तिने लिहिलं की आघाडीवर असताना डेनिसने वारा कापायचा आपला वाटा उचलला नाही असं तिला वाटत होतं. असेलही. पण घरात एकच स्वयंपाकघर होतं आणि दोघी त्याच घरी परतल्या. पुढे दोघींचं जुळलंही. १९८२ मध्ये मायलेकींनी एका टँडेमवर, म्हणजे दोघींनी मिळून चालवायच्या सायकलवर, बसून १० मैलांचा राष्ट्रीय विक्रम केला. तरी तो न दिलेला हात मला विसरता येत नाही. ज्या कडकपणाने ती पंचवीस वर्षं अजिंक्य राहिली तोच त्या चौथऱ्यावरही होता, तो वेगळा काढून ठेवता आला नाही. तुमच्या लेकीला मी घड्याळाशी भांडायला शिकवीन. घरी आल्यावर घड्याळ काढून ठेवायला तुम्ही शिकवा.

आता व्यवहाराचं, थोडक्यात.

सायकल आहे तीच चालेल, निदान पहिलं वर्ष. सीटची उंची तेवढी बघा : पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. बहुतेक मुलींची सीट इतकी खाली असते की अर्धी ताकद गुडघ्यात मुरते आणि मग गुडघे दुखतात. चेन पुसून तेल, चाकात पुरेशी हवा, ब्रेकचे रबर बदललेले, डोक्यावर हेल्मेट. मागे लाल दिवा हवाच, आपल्याकडे पहाटे अंधार असतो. पैसे आले तर आधी चांगले टायर घ्या, मग एक साधं घड्याळ. त्यापुढचं नंतर बघू.

सराव आठवड्यातून चार दिवस. त्यातला एकच दिवस घड्याळावर. बाकीचे दिवस असे की शेजारच्या मैत्रिणीशी बोलता बोलता चालवता यावं. हलक्या गिअरवर पॅडलचे मिनिटाला ८०-९० फेरे, जड गिअर रेटायचा नाही. तासाभरापेक्षा जास्त चालवायचं तर खिशात दोन केळी, किंवा पोई (आपला कोंड्याचा पाव) आणि गूळ. बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो, त्यामुळे तहान लागायची वाट बघायची नाही. दहावीच्या वर्षात सराव निम्म्यावर आणा, बंद करू नका.

उशीर झाला का, असं मनात असेल तर अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ज्युनिअर गट १७-१८ वर्षांचा असतो. तुमच्याकडे तोवर तीन-चार वर्षं आहेत. चोर्ला घाटाचा हट्ट ती धरेल, सगळेच धरतात. पहिल्या वर्षी नाही म्हणा. उतारावर ब्रेक कसे दाबायचे हे हाताला कळल्यावर मी स्वतः तिला घेऊन जाईन.

चवथ झाली की पाऊस ओसरतो आणि दिवाडीचा रस्ता कोरडा पडतो. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे जुन्या गोव्याच्या फेरीवर या, मी खडू घेऊन आलेली असेन. मुलगी, आहे ती सायकल, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांचा कागद, एवढंच बरोबर घ्या. पहिला किलोमीटर हळू घ्यायला सांगितला की ती माझ्यावर चिडेल, तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका.